‘थेट शेतकऱ्याकडून’ घेतलेली हापूसची पेटी

पाडवा झाला की पुण्यात चौकाचौकात आंब्याचे स्टॉल उभे राहतात आणि त्यांतले निम्मे कर्नाटकचा माल देवगडच्या नावाने खपवतात, हे पुणेकराला कुणी सांगायला नको. म्हणूनच आम्ही आंबा रस्त्यावर घेत नाही, शेतकरी आठवडे बाजारातून घेतो. यंदा तिथेच फसवलं गेलं. हंगाम अजून शिल्लक आहे, म्हणून लगेच लिहितेय.

२०१६ साली सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शहरातली मैदानं, सोसायट्यांच्या मोकळ्या जागा या बाजारांनी भरायला लागल्या. शेतकरी गटाने माल आणायचा, मधे अडत्या नाही, असा व्यवहार. आमच्या भागातल्या बाजारात भाजीचा अनुभव खरोखर चांगला आहे. मेथीच्या मुळांना माती लागलेली असते, कलिंगडवाला नको असेल तर नको म्हणतो. आंबेवाल्याने कमाई केली ती या बाकीच्यांच्या इभ्रतीवर.

एप्रिलच्या सुरुवातीला तो पहिल्यांदा दिसला. पन्नाशीचा माणूस, बोलण्यात मालवणी हेल, मागे कलमांच्या बागेचा मोठा बॅनर आणि टेबलावर लॅमिनेट केलेला सातबारा. सातबाऱ्यावरचं नाव आणि त्याचं नाव एकच आहे का, हे गर्दीत कोण विचारतं! त्याने कापून दिलेली फोड अस्सल होती, यात वादच नाही. कागदासारखी पातळ साल, केशरी गर, वास तर दोन टेबलं पलीकडे जात होता. पाच डझनांची लाकडी पेटी, भाव साडेचार हजार. झाकण काढून वरचा थर दाखवला, तोही तसाच. खालचे थर बघते म्हटलं तर, “ताई, पेंढा हलला की फळाला मार लागतो. घरी न्या, एकसुद्धा खराब निघाला तर मी आहे ना.” वर अक्षय्य तृतीयेपर्यंत भाव चढणार, ही हूल होतीच.

पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं नाव आलं. विचारलं तर म्हणे भाच्याचं खातं आहे. बिल मागितलं तेव्हा वहीचं पान फाडून ‘आंबा पेटी १’ असं लिहून दिलं.

घरी वरचा थर उत्तम निघाला. त्याखालच्या पेंढ्यात कानडी वर्तमानपत्राचे तुकडे होते. सासूबाई रत्नागिरीच्या, त्यांनी फळ हातात घेतलं आणि काही न बोलता खाली ठेवलं. जाड साल, टोकाला किंचित चोच, कापल्यावर फिकट पिवळा गर. तळचा थर तर त्याहून वाईट: लहान फळं, सगळी एकाच रंगाची पिवळीधमक, वास शून्य आणि कोयीजवळ कच्ची आंबट. मधोमध कागदाची एक पुडी, आत राखाडी भुकटी. पाणी लागल्यावर तिला लसणासारखा उग्र दर्प यायला लागला. हे कार्बाइड. फळं पिकवण्यासाठी ते वापरायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूने पिकवायला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, पुडीला नाही. आणि एवढं करून पेटीत आंबे छप्पन्नच.

कर्नाटकचा हापूस वाईट असतो असं माझं मुळीच म्हणणं नाही. धारवाडकडचा आंबा आम्ही मे महिन्यात हौसेने रसासाठी आणतो, पण धारवाडच्या भावाने. इथे वीस देवगड दाखवून साठाचे पैसे घेतले, तेही साठ न देता.

फोनवर आधी “निसर्गाचं फळ आहे ताई, गॅरंटी कशी देणार”, मग “तुम्ही उन्हात ठेवली असेल”, आणि नंतर फोन बंद. पुढच्या रविवारी त्याचं टेबल नव्हतं. शेजारी पुरंदरच्या एक मावशी भाजी घेऊन बसतात, त्या म्हणाल्या, “कसला बागायतदार? पहाटं मार्केट यार्डातनं माल उचलतोय अन् इथं येऊन पेट्या भरतोय. आमी सांगितलं हुतं त्यास्नी.” ‘त्यास्नी’ म्हणजे बाजार भरवणाऱ्यांना. टेबल एका शेतकरी गटाच्या नावावर होतं, गटाने ते परस्पर याला भाड्याने दिलं होतं. आयोजकांचं उत्तर: आम्ही फक्त जागा देतो. मग ‘थेट शेतकऱ्याकडून’ असा फलक बाजाराच्या तोंडाशी कोण लावतं? माझा खरा राग इथे आहे. लबाड विक्रेता कुठेही भेटेल. पण शेतकरी आहे की नाही हे तपासण्याच्या भरवशावर लोक या बाजारात येतात, आणि तेवढं एकच काम कुणी करत नव्हतं.

आता जे घेणार आहेत त्यांच्यासाठी. ‘हापूस’ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपुरतंच आहे. नोंदणी केलेल्या बागायतदाराकडे त्याचं प्रमाणपत्र असतं, ते मागा आणि त्यावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि पैसे जातात त्या खात्याचं नाव ताडून बघा. देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामापासून फळांवर सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर आणलंय, तो क्रमांक व्हॉट्सॲपवर पडताळता येतो. पेटीवरच्या छापावर मात्र जाऊ नका, रिकाम्या छापील पेट्या विकत मिळतात. तळापर्यंत उघडून मोजून दाखवत नसेल तर पेटी तिथेच सोडा. शक्य असेल तर कच्चा आंबा घ्या आणि घरी पेंढ्यात अढी घाला, पुडीचा प्रश्नच उरत नाही.

आमची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५वर, नोंदवली आहे. भुकटीबद्दल अन्न व औषध प्रशासनाला वेगळं कळवलं. फोटो, यूपीआयची पावती, ती चिठ्ठी आणि फळांसकट पेटी असं सगळं ठेवलं होतं; निदान कागद आणि फोटो तरी टाकू नका, पहिला प्रश्न त्यांचाच येतो. पैसे अजून मिळालेले नाहीत. शेतकरी गटाने मात्र परवा फोन करून तक्रार मागे घ्या, अर्धे पैसे देतो, असं सुचवलं. मी नाही म्हटलं आहे.