हार्डकोर मिक्सिंगच्या नावाखाली गेलेले ४४,०८८ रुपये

नोंदणीचे १,४९९ रुपये, ऑनलाइन डीजे प्रशिक्षणाचे २१,२४० रुपये (१८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी), कंट्रोलरच्या (डीजेच्या गाणी मिसळायच्या यंत्राच्या) अनामतीचे १४,५०० रुपये, कुरिअर व विम्याचे १,८५० रुपये आणि ‘युरोपीय संगीत परवान्या’चे ४,९९९ रुपये, असे एकूण ४४,०८८ रुपये मी सतरा दिवसांत, पाच वेळा, एका भामट्याच्या खात्यावर स्वतःच्या हाताने पाठवले. ‘स्वतःच्या हाताने’ हे शब्द पोलिसांनी आणि बँकेने मला इतक्यांदा ऐकवले आहेत की आता ते मीच आधी सांगून टाकतो.

मी वर्धा नदीच्या काठच्या एका खेड्यात राहतो. घरी तीन एकर कोरडवाहू शेती आहे आणि गेली सहा वर्षे मी दुसऱ्याच्या डीजे गाडीवर ऑपरेटर म्हणून जातो. लग्नाची वरात, गणपती विसर्जन, १४ एप्रिलची मिरवणूक, जिथले बोलावणे येईल तिथे. फेडर (आवाज वर-खाली करणारी सरकती दांडी) कशाला म्हणतात हे ठाऊक नसलेला माणूस मी नव्हे, आणि लाज वाटते ती त्याचीच. मात्र शिकलेसवरलेले लोक फसतातच कसे असे विचारणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की मला जे शिकायचे होते ते, म्हणजे हार्डकोरची गाणी ठेका न तुटता एकातून दुसऱ्यात मिसळणे (मिक्सिंग), शिकवणारे आमच्याकडे कोणी नाही. नागपूरच्या एका वर्गात चौकशी केली, तेव्हा हार्डकोर म्हणजे नेमके काय हे तिथल्या सरांनी मलाच विचारले होते.

हार्डकोर हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ‘गॅबर’ या नावाने वाढलेले नृत्यसंगीत आहे. रोलंडच्या टीआर-९०९ या ड्रम मशीनची किक, म्हणजे ढोलासारखा जाड ठोका, मुद्दाम फाटेपर्यंत चढवायची आणि मिनिटाला १६० ते २०० ठोक्यांच्या वेगाने आदळायची, हा त्याचा गाभा. आमची वरातीतली गाणी साधारण १०० ते १३० च्या वेगाची असतात. १२० च्या वेगाला ३२ ठोक्यांचा एक टप्पा संपायला १६ सेकंद लागतात, तर १८० ला तोच टप्पा अकरा सेकंदांच्या आत संपतो, आणि तेवढ्यात नवा ट्रॅक आत घेऊन जुन्याचा बेस (खालचा जाड आवाज) काढून घ्यावा लागतो. शिवाय या किकला लांब शेपूट असते आणि त्या शेपटीला स्वतःचा सूर असतो, त्यामुळे एकीचा बेस न कापता दुसरी तिच्यावर चढवली, तर ठोके जुळलेले असूनही चक्कीत खडा सापडल्यासारखी घरघर ऐकू येते. हे सगळे मी मोबाईलवर दोन वर्षे ऐकून, थोडे वाचून आणि मालकाच्या जुन्या कंट्रोलरवर चुका करून शिकलो होतो. म्हणजे फसवणूक ओळखण्यापुरते ज्ञान माझ्याजवळ होते.

या प्रशिक्षणाची जाहिरात दिसली ती नोव्हेंबरमध्ये, सोयाबीनचे पैसे नुकतेच खात्यात आलेले असताना. पुढचा प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे: फक्त वीस जागा, आज रात्रीपर्यंत सवलत, १४३ जणांचा व्हॉट्सॲप गट, त्यात दर अर्ध्या तासाने कोणाचे तरी ‘सर, पहिलाच शो मिळाला’, आणि शेवटी रॉटरडॅमच्या महोत्सवासाठी चाचणी. त्या चाचणीवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. मला फक्त मिक्सिंग हवे होते.

दोन हप्ते, म्हणजे २२,७३९ रुपये भरून झाल्यावर एका रात्री व्हिडिओ कॉलवर प्रात्यक्षिक झाले. घरात रेंज येत नाही म्हणून मी गोठ्याच्या मागे, हेडफोन लावून बसलो होतो. चौकड्याचा शर्ट घातलेला तो ‘सर’ कंट्रोलरसमोर उभा होता, पडद्यावर १८० चा आकडा दिसत होता आणि डावीकडचा ट्रॅक दणक्यात वाजत होता. डाव्या चॅनलचा फेडर मात्र पार तळाला होता, म्हणजे तो ट्रॅक ऐकूच यायला नको होता. त्याने क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी दांडी) उजवीकडे सरकवला तरी गाणे बदलले नाही; ते चार-पाच सेकंदांनी बदलले. बेसच्या खुंटीला त्याने हातही लावला नाही, आणि तरी दोन किक एकमेकींना कुठेच धडकल्या नाहीत. मध्येच तो कॅमेऱ्याकडे पाहून अर्धा मिनिट बोलत राहिला. या वेगात अर्ध्या मिनिटात ३२ ठोक्यांचे जवळजवळ तीन टप्पे निघून जातात, पण त्याला कसलीच घाई नव्हती. तयार मिक्स मागे वाजत होता आणि तो पुढे हात हलवत होता, एवढाच त्याचा अर्थ.

मला तो अर्थ तेव्हाच लागला होता. मी विचारलेसुद्धा, “सर, डाव्या चॅनलचा फेडर तर खाली दिसून राहिला, मग आवाज कसा येऊन राहिला?” त्यावर तो हसून म्हणाला, “नेटवर्कमुळे चित्र मागे पडतं, भाऊ. पण तुमचा कान तयार आहे. तुम्हाला सरळ ॲडव्हान्स बॅचमध्ये घेऊ.” चित्र कितीही मागे पडले तरी चाळीस मिनिटांत तो फेडर एकदा तरी वर दिसायला हवा होता. तो दिसला नाही, आणि मी मात्र ‘तुमचा कान तयार आहे’ हे वाक्य घेऊन झोपलो. सहा वर्षांत गाडीवरच्या मालकाने मला असे कधी म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी १४,५०० रुपये पाठवले. ४४,०८८ पैकी २१,३४९ रुपये मी खोटेपणा दिसल्यानंतर दिलेले आहेत, आणि त्याला माझ्याजवळ एकच सबब आहे: आधीचे २२,७३९ बुडाले असे मान्य करण्याची माझी तयारी नव्हती.

यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येते ते बँकेत नोंदलेले असते, तेव्हा पिन टाकण्याआधी ते वाचा. माझ्या पडद्यावर पाचही वेळा संस्थेचे नव्हे, एका बाईचे नाव आले होते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. माझ्या पावतीवर पुण्याचा पत्ता होता आणि क्रमांक चौदाच अक्षरांचा होता. शिकाऊ माणसाला घरी सराव करण्यासाठी कसलाही ‘युरोपीय परवाना’ लागत नाही.

पार्सल आले. त्यात कंट्रोलरऐवजी कॅराओकेसाठी मायक्रोफोन जोडायची लहानशी पेटी होती, तिला दोनच खुंट्या, एक आवाजाची आणि एक प्रतिध्वनीची. आमच्या तालुक्याच्या बाजारात ती साडेसहाशेला मिळते. मी फोटो टाकताच मला गटातून काढण्यात आले. ती पेटी त्यांनी चुकून पाठवली असे मला वाटले होते. ती मुद्दाम पाठवली होती हे पोलीस ठाण्यात कळले.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर फोन करायला मी चार दिवस लावले, कारण फोन करायचा म्हणजे बाबांना सांगावे लागणार होते. तुम्ही चार मिनिटेही लावू नका, कारण पैसे त्या खात्यात असतील तोवरच ते गोठवता येतात. माझ्या तक्रारीवर गोठले ते ६१२ रुपये, आणि तेही परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागेल असे सांगण्यात आले.

ठाण्यात ‘हार्डकोर’ हा शब्द उच्चारताच लिहून घेणारे जमादार थांबले, शेजारच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “काहून बावा, गंदे व्हिडिओ पाहाले पैसे देल्ले का?” बाबा बाजूलाच उभे होते. मी नेदरलँड्सपासून समजावू लागलो, तर त्यांनी ‘गाणे वाजविण्याचे प्रशिक्षण’ असे लिहिले आणि पुढे विचारले की वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी वाद झाला. दुसऱ्या खेपेला सांगितले की आरोपी पुण्याचा दिसतो, पुण्याला जा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी कागदावर लिहून नेले होते. तो कागद त्यांनी वाचला, घडी करून मला परत दिला आणि साहेब बंदोबस्तात आहेत असे म्हणाले. तिसऱ्या खेपेला साहेब होते, पण त्यांनी जिल्ह्याच्या सायबर शाखेकडे पाठवले. सायबर शाखेने बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा मागितला. बँकेने तो द्यायला सहा दिवस घेतले, वर पिन तुमचाच होता ना, हे व्यवस्थापकांनी काचेच्या पलीकडून, रांगेतल्या साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. उतारा घेऊन गेलो तेव्हा शाखेने सांगितले की आधी ठाण्याचे पत्र आणा. एसटीच्या तिकिटांत आणि झेरॉक्समध्ये आजवर १,१८० रुपये गेले आहेत, वराती बुडाल्या त्या वेगळ्या. चोराने निदान पाच वेळा पैसे मागताना दरवेळी ‘भाऊ’ तरी म्हटले होते.

मधल्या काळात ‘तुमची रक्कम सोडवून देतो, २,५०० भरा’ असाही एक फोन आला. माझ्या तक्रारीची अचूक रक्कम त्याला ठाऊक होती. ज्याने चोरले त्याच्याशिवाय ती कोणाला ठाऊक असणार, हे या खेपेला तरी वेळेत सुचले.

ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून आता तिथे अर्ज केला आहे. पुण्याच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘असा पत्ता नाही’ या शेऱ्यासह परत आली आणि नवा पत्ता द्यायला मला मुदत मिळाली. मी पत्ता कुठून आणणार?

गेल्या रविवारी तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली. नोंदणी आता १,९९९ रुपये आहे, पण प्रात्यक्षिकाची चित्रफीत तीच आहे. चौकड्याचा निळा शर्ट आहे, पडद्यावर १८० आहे, आणि डाव्या चॅनलचा फेडर तळाला आहे.