लाटेकमध्ये मजकूर आणि चित्रं झाकणं : काही महिने वापरल्यावर, आणि चौकटीतल्या त्या नावाबद्दल

लाटेक म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. त्यात चित्रं घालणाऱ्या ग्राफिक्सएक्स पॅकेजला (लाटेकच्या जोड-संचाला) ‘ड्राफ्ट’ म्हणजे कच्च्या प्रतीचा पर्याय दिला की चित्राच्या जागी तेवढ्याच मापाची रिकामी चौकट येते आणि चौकटीत फाइलचं नाव छापलं जातं. लाटेक वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. तरी मी आज त्या नावावरच लिहिणार आहे, कारण माझ्या कामात सगळ्यात जास्त त्रास त्यानेच दिला.

मी सांगलीत अक्षरजुळणीचं काम करते. पेजमेकर आणि श्रीलिपीवर बरीच वर्षं काढली, आता प्रबंध झीलाटेकवर (देवनागरी नीट चालणाऱ्या लाटेकवर) लावते. मिरज शेजारीच, आणि डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे इस्पितळ काढलं तेव्हापासून मिरजेची ओळखच दवाखान्यांची. त्यामुळे वैद्यकीय प्रबंध भरपूर येतात. त्यात रुग्णांचे फोटो, एक्स-रे, जखम भरत आल्याचे टप्पे. क्लास फाइलमध्ये, म्हणजे मांडणीचे नियम असलेल्या फाइलमध्ये, काही अडलं की पुण्यातल्या एका जाणकारांकडे काम पाठवते. अडचण मांडणीची असते, त्यांना रुग्णांची माहिती दिसायचं काहीच कारण नाही. म्हणून मजकूर आणि चित्रं झाकून पाठवायची.

पावसाळ्यात असाच एक प्रबंध ड्राफ्टवर टाकला. पीडीएफ हलकी झाली, पानं जागच्या जागी राहिली. पाठवण्याआधी एकदा पानं उलटली, तर प्रत्येक चौकटीत रुग्णाचं आडनाव, वॉर्ड आणि तारीख! डॉक्टरांनी फोटो त्याच नावांनी साठवले होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. म्हणजे चेहरा झाकला गेला आणि नाव ठळक उरलं. खाजगी माहितीसाठी यापेक्षा वाईट काय असणार?

मग ‘डेमो’ पर्याय घेतला. त्यात नाव येत नाही, चित्राची फाइलसुद्धा लागत नाही, सरळ काळा आयत येतो. पण आपण माप दिलं नसेल तर तो १५० पॉइंट रुंद आणि १०० पॉइंट उंच. आपण सगळे फक्त रुंदी देतो, उंची चित्राच्या प्रमाणात आपोआप येईल म्हणून. डेमोत ती येत नाही, उंची १०० पॉइंटच राहते. उभे एक्स-रे बुटके झाले, मजकूर वर सरकला, आणि जी चूक दाखवायची होती ती त्या पानावर उरलीच नाही. एका पर्यायात माप टिकतं पण नाव फुटतं, दुसऱ्यात नाव लपतं पण माप जातं. दोन्ही गोष्टी एकत्र मिळायला हव्यात असं इतक्या वर्षांत कुणाला वाटू नये, याचा मला खरंच राग आला होता.

उपाय निघाला तो लाटेकच्याच जुन्या ‘फँटम’ आज्ञेत. ती आतल्या गोष्टीचं माप घेते आणि तेवढी रिकामी जागा सोडते. मूळ चित्र-आज्ञेला दुसरं नाव देऊन ठेवलं, आणि चित्र फँटममध्ये गुंडाळून भोवती एफबॉक्स (चौकट) काढेल अशी नवी आज्ञा तिच्या जागी लिहिली. माप तंतोतंत, नाव गायब, आणि चित्र पीडीएफमध्ये शिरतच नाही. एक सूचना : एफबॉक्ससेपला (चौकटीच्या आतलं अंतर) उणे एफबॉक्सरूल (रेघेची जाडी) एवढी किंमत द्या, नाहीतर कडेच्या रेघेमुळे चौकट मूळ चित्रापेक्षा किंचित मोठी होते. त्या दिवशी मला फार आनंद झाला. झाकपाकीसाठी विकत सॉफ्टवेअर घ्यायचं घाटत होतं, ते पैसे वाचले.

ड्राफ्टबद्दलचं माझं मत मात्र पुढे बदललं. घरच्या प्रुफासाठी तो उत्तम आहे, टोनर वाचतो. फक्त तो डॉक्युमेंटक्लासला, म्हणजे सगळ्या फाइलला लागू होणाऱ्या पहिल्या आज्ञेला, देऊ नका. तिथे दिला की हायपररेफचे दुवे बंद होतात आणि अक्षरांची बारीक जुळवाजुळव करणारं मायक्रोटाइपही बंद पडतं, मग ओळी वेगळ्या तुटतात. एकट्या ग्राफिक्सएक्सलाच द्या.

मजकुराचं थोडक्यात. जागा भरायला नमुना मजकूर देणाऱ्या लिप्सम पॅकेजमध्ये लॅटिनचे १५० परिच्छेद आहेत, इंग्रजी कामाला चांगले. मराठीला निरुपयोगी. आपल्याकडे रफार, वेलांट्या वर जातात, उकार आणि जोडाक्षरं खाली लोंबतात. ओळींमधलं अंतर कमी पडतंय ही तक्रार असेल तर लॅटिन मजकुरात ती दिसणारच नाही. मी ‘राष्ट्रीय’, ‘वाङ्मय’, ‘क्लृप्ती’, ‘दुर्दम्य’ असे शब्द घालून स्वतःचे परिच्छेद लिहून ठेवलेत, तेच घालते. सुट्या नावांसाठी, त्यांच्या जागी काळी पट्टी टाकणारं सेन्सॉर पॅकेज. ते खरी अक्षरं पीडीएफमध्ये जाऊ देत नाही, वर्डमध्ये काळी पट्टी ओढल्यावर खालचा मजकूर कॉपी होतो तसं इथे होत नाही. पण पट्टी नावाएवढीच लांब येते, त्यामुळे आडनाव लहान की मोठं ते कळतं. तारा (*) लावलेल्या आज्ञेला नावाऐवजी आकडा देता येतो, मग सगळ्या पट्ट्या सारख्या. मी तीच वापरते.

आता पुन्हा फाइलच्या नावांकडे, कारण फँटमने ते संपलं नाही. सोर्स फाइलमध्ये (आपण लिहिलेल्या मूळ फाइलमध्ये) नावं तशीच असतात, आणि लाटेक चालताना आपोआप नोंदी होतात त्या लॉग फाइलमध्येसुद्धा प्रत्येक चित्राचं नाव उमटतं. मदत करणारा माणूस पहिल्यांदा लॉगच मागतो. म्हणून आता काम घेतानाच डॉक्टरांना सांगते, ‘सर, फोटोंना फक्त क्रमांक द्या, कोणाचा कुठला ही यादी तुमच्याकडेच ठेवा.’ काही जण कुरकुर करतात, मी ऐकत नाही. सोर्स पाठवायचा असेल तर फोटोंच्या जागी एमडब्ल्यूई पॅकेजची नमुना चित्रं टाकते.

एवढं करूनही आलेख राहतात. टिक्झमध्ये, म्हणजे लाटेकमध्येच आज्ञा लिहून, काढलेली आकृती इन्क्लूडग्राफिक्स या चित्र-आज्ञेतून येत नाही, त्यामुळे ड्राफ्ट असो, डेमो असो की माझी फँटमची आज्ञा, ती जशीच्या तशी छापली जाते, अक्षांवरच्या नोंदींसकट. गेल्या महिन्यातल्या प्रबंधात असे आलेख पानोपानी होते. प्रत्येक टिक्झपिक्चर हाताने फँटममध्ये घातलं, आणि तक्त्यांमधले आकडे एकेक करून बदलले. तक्त्यांसाठी यापेक्षा सोपा मार्ग कुणी वापरत असेल तर मला तो शिकायचा आहे.