पोटापाण्याचं काय? सुट्टीत वाचलेल्या गोष्टी

गोष्ट भुताची असो, प्रेमाची असो की विज्ञानाची, त्यातला माणूस पोटापाण्यासाठी काय करतो हे कळल्याशिवाय माझं मन लागत नाही. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत इतकी वर्षं काढल्याचा परिणाम असावा. मुलांची नावं दाखल करायच्या दाखलखारीज रजिस्टरात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना रिकामा राहिलेला मला खपत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयातून जे आणलं, ते याच खोडीने वाचलं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) कॉलेजात असताना वाचली होती. नोकरी करून वाचली की वेगळीच लागते. औंध संस्थानातली धनगरांची वस्ती, शाळा ओस, पोरं मेंढरांमागे. कारभाऱ्याने मनावर घेतल्याशिवाय एक पोर पाटी घेऊन यायचं नाही, हे राजाराम मास्तराला चटकन उमगतं. आमच्या माणदेशात अजूनही नव्या गुरुजींनी आधी कोणाच्या ओट्यावर चहा घ्यायचा ते ठरलेलं असतं! पुढे मास्तर शिकवतो कमी आणि बाकीचंच जास्त बघतो. लोकांचे व्यवहार, भांडणं, निरोप, शेवटी तर तालीम बांधायचं खूळ. आमच्या गळ्यात बीएलओची (मतदारयादीच्या कामाची) ड्युटी आणि पोषण आहाराची नोंदवही असते. त्याला ऑनलाइन माहिती भरावी लागली नाही, एवढंच त्याचं नशीब.

वाडीतल्या अंजी नावाच्या पोरीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात मास्तराविषयी किंतु येतो, ते प्रकरण मी दोनदा वाचलं. परगावी एकट्याने नोकरी करणाऱ्याचं सगळं चांगलं काम एका गैरसमजात कसं वाहून जाऊ शकतं, हे माडगूळकरांनी आवाज न चढवता लिहिलंय. तसाच शेकूच्या बायकोचा प्रसंग. एक बैल कमी पडतो म्हणून ती स्वतः औताला खांदा देते. लेखक तिथे हळहळत नाही, शेतीचं काम सांगावं तसं सांगतो, आणि आपल्यालाच पुस्तक खाली ठेवावं लागतं. दुष्काळात वाडी उठते तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो शाळेच्या पटाचा. तक्रार एकच. वर्गात मास्तर नेमकं काय शिकवतो ते फारसं दिसत नाही. मला जोडाक्षराशी अडलेलं एखादं पोर हवं होतं.

जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, तेव्हापासून त्यांच्या विज्ञानकथा पुन्हा वाचायच्या मनात होतं. या खेपेला 'गंगाधरपंतांचे पानिपत' सगळ्यांत सरस वाटली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि पोचतात अशा मुंबईत, जिथे युनियन जॅक फडकतोय आणि ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे. कारण १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले होते! विश्वासरावांना लागायची गोळी कानाला चाटून गेली होती. दुसरा कुणी लेखक असता तर नायकाला पळवलं असतं, लपवलं असतं. गंगाधरपंत मात्र सरळ टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसतात आणि इतिहास नेमका कुठे वळला ते शोधत खंड उपसतात. पेशा असा दिसावा. आझाद मैदानावर रिकामी अध्यक्षाची खुर्ची बघून ते व्यासपीठावर चढतात आणि लोक त्यांच्यावर हाताला लागेल ते फेकतात, ते वाचून मी एकटीच हसत सुटले. आम्हा शिक्षकांच्या केंद्रसंमेलनांतली सगळी अध्यक्षीय भाषणं आठवली. शेवटी विज्ञानाचं स्पष्टीकरण येतं, ते मात्र फळ्यावर लिहून दिल्यासारखं वाटतं. नारळीकरांना समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नसे, आणि शिक्षिकेने त्यावर बोलू नये म्हणतात.

नारायण धारपांचे 'समर्थ' भाच्याच्या आग्रहाने घेतले. त्याने धारपांच्या गोष्टीवरून सुचलेला 'तुंबाड' सिनेमा पाहिलेला. घरातलं रोजचं वातावरण धारप झकास उभं करतात, पण भुताखेतांचा बंदोबस्त करणारे समर्थ दारात आले की माझी भीती संपते. आता हे निभावून नेणार, हे ठाऊक असतं. शिवाय एवढे दौरे करणाऱ्या समर्थांच्या एसटीचे पैसे कोण देतं? रात्री विजेचा लपंडाव चालू असताना वाचायला ठीक.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) मात्र माझी फूटपट्टीच मोडली. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, त्यावर जर्मनीतून हुसकलेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. बोटीवर कुणालाच काही काम नाही. आधी वाटलं, ही नुसती डेकवरची प्रेमकथा. मग लक्षात आलं की या माणसांचा व्यवसायाचा रकाना कोणीतरी बळजबरीने पुसलाय. त्या काळी देश सोडणाऱ्या ज्यूंना दहा मार्कांहून जास्त रोकड सोबत नेता येत नव्हती. घर, दुकान, पदवी सगळं मागे. अशा हॅर्टाने मुंबईत उतरणाऱ्या माणसावर जीव टाकावा, यातला धोका तिलाही कळत असतो. चक्रधर मला आवडला नाही. हुशार बोलतो, स्वतःवर कोरडे ओढतो, पण ठरवायची वेळ आली की त्याची हुशारी कामाला येत नाही. शाळेतल्या माझ्या जोडीदार बाईंचं मत उलट आहे, त्यांना तो बिचारा वाटतो. पुस्तक सध्या त्यांच्याकडेच आहे, शेवट वाचून झाल्यावर पुन्हा भांडायचं ठरलंय.