नॅनो सिलिका: ताकदीसाठी घ्या, आगीसाठी एकटं घेऊ नका

मुंबईत बांधकाम-रसायनं विकणाऱ्यांकडे कोलॉइडल नॅनो सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, कॅनमध्ये मिळतं. पाण्यासारखं पातळ, किंचित दुधी द्रव. विक्रेता बहुधा दोन गोष्टी सांगतो: काँक्रीटची ताकद वाढते आणि ते आगीत टिकतं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आधी ताकदीचं. सिमेंट पाण्याशी जुळताना मोकळा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मागे राहतो. ताकदीला त्याचा फारसा उपयोग नाही. ५ ते १०० नॅनोमीटरचे सिलिकाचे कण या चुन्याला धरून नवा बंध तयार करतात आणि बाकीचा बंध जमायलाही जागा देतात, म्हणून पहिल्या आठवड्यात ताकद झपाट्याने चढते. मुंबईच्या आरएमसीत (प्लांटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटमध्ये) फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्याची मळी) बहुतेक वेळा असतो आणि असा माल सुरुवातीला सुस्त असतो. तिथे नॅनो सिलिकाचा गुण सगळ्यात चांगला दिसतो. २८ दिवसांना १० ते २० टक्के वाढ ही नीट केलेल्या कामाकडून वाजवी अपेक्षा आहे. कोणी ५० टक्के सांगितले तर तुलनेच्या साध्या क्यूबचा (चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) वॉटर-सिमेंट रेशो, म्हणजे पाण्याचं सिमेंटशी प्रमाण, किती होता, ते आधी विचारा.

प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या १ ते ३ टक्के, पण हे घनभागाचं, म्हणजे द्रवातल्या कोरड्या सिलिकाचं वजन आहे, द्रवाचं नव्हे. साइटवर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समजा घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि १६० किलो पाणी आहे, म्हणजे रेशो ०.४०. २ टक्क्यांनी ८ किलो घन सिलिका लागेल. द्रवात घनभाग ३० टक्के असेल तर ते द्रव सुमारे २६.७ किलो भरतं, आणि त्यातलं १८.७ किलो निव्वळ पाणी असतं. ते मिक्सिंगच्या पाण्यातून वजा केलं नाही तर रेशो ०.४५ च्या घरात जातो. काँक्रीटच्या भारतीय मानकाने, आयएस ४५६ ने, किनारी हवेतल्या आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) दिलेली मर्यादा हीच. महागडं द्रव ओतून कमावलेली ताकद अशी पाण्यात जाते. ५० किलोच्या एका गोणीला हेच प्रमाण ३.३३ किलो द्रव, म्हणजे साधारण २.८ लिटर होतं, कारण हे द्रव पाण्यापेक्षा जड आहे. मगाने मोजू नका, काट्यावर मोजा.

३ टक्क्यांच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, त्या फुटत नाहीत आणि ताकद उलट घसरते. पावडर स्वरूपातल्या मालाची तर सुरुवातच गुठळ्यांनी होते. प्रयोगशाळेत अल्ट्रासोनिक यंत्राने ती पांगवता येते, साइटच्या मिक्सरमध्ये नाही. शिवाय ती धूळ छातीत जाते. साइटसाठी द्रवच घ्या.

मिसळण्याचा क्रम असा: खडी, क्रश सँड आणि सिमेंट कोरडं फिरवा, मग दोन-तृतीयांश पाणी. उरलेल्या पाण्यात नॅनो सिलिका पातळ करून घाला आणि पीसीई ॲडमिक्स्चर (जादा पाण्याशिवाय काँक्रीट वाहतं ठेवणारं रसायन) शेवटी वेगळं टाका. कोरड्या सिमेंटवर द्रव थेट ओतलं तर जागच्या जागी जेली होते. दोन्ही रसायनं एका बादलीत एकत्र करायची असतील तर आधी ग्लासभर करून तासभर ठेवा. घट्ट झालं किंवा फाटलं तर ती जोडी सोडा. कणांचा पृष्ठभाग अफाट असल्याने ते पाणी ओढतात, स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा वाहतेपणा, पडतो आणि पीसीईचा डोस वाढवावा लागतो. ट्रान्झिट मिक्सर हायवेवर अडकण्याची शक्यता धरून पीसीईचा काही भाग साइटवर घालायला राखून ठेवा, म्हणजे वरून पाणी मारायचा मोह होणार नाही.

गवंड्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. या मालाला, म्हणजे नॅनो सिलिका घातलेल्या काँक्रीटला, वर पाणी जवळजवळ सुटत नाही. पाणी सुटून आटल्यावर फिनिशिंग करायचं या सवयीने ते थांबतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हावाऱ्यात तोवर स्लॅबवर केसासारख्या भेगा पडतात. थापी फिरली की लगेच प्लास्टिक अंथरा, माल घट्ट झाला की ओलं गोणपाट.

नकली माल ओळखायचा तर १०० ग्रॅम द्रव लॅबच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. लेबलवर ३० टक्के असेल तर ३० ग्रॅमच्या आसपास उरायला हवं. पण सोडियम सिलिकेटही असाच अवशेष सोडतं, म्हणून पीएच पट्टीही लावा. बाजारात सहसा मिळणारं कोलॉइडल सिलिका ९ ते १० च्या दरम्यान असतं, सोडियम सिलिकेट ११ च्या वर आणि बोटांना चिकट. ते मालात गेलं तर सेटिंग अचानक होतं.

आता आग. मोकळा चुना ४०० ते ५०० अंशांच्या टप्प्यात फुटतो, आणि नंतर बंबाचं पाणी किंवा हवेतली ओल लागली की पुन्हा फुगून काँक्रीट तडकवतो. नॅनो सिलिकाने हा चुनाच कमी केलेला असतो, त्यामुळे तापून निवलेल्या काँक्रीटमध्ये उरलेली ताकद बरी राहते. मुंबईची काळी खडीही मदतीला आहे: बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसल्याने ५७३ अंशांवर क्वार्ट्झ फुगून होणारं नुकसान टळतं. दाव्याचा खरा भाग इथे संपतो.

ज्या घट्टपणामुळे ताकद आणि खाऱ्या हवेपासून संरक्षण मिळतं, तोच घट्टपणा आगीत वाफेची वाट बंद करतो. आतली ओल वाफ होते, दाब वाढतो आणि कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचे, पापुद्रे स्फोटासारखे उडतात. मग सळई उघडी पडते, आणि ५५० ते ६०० अंशांना तिची ताकद निम्म्यावर येते. धोका उच्च ग्रेडला, म्हणजे जास्त ताकदीच्या काँक्रीटला, जास्त, म्हणजे टॉवरच्या खालच्या मजल्यांवरच्या कॉलमला. यावरचा उपाय स्वस्त आहे: घनमीटरला १ ते २ किलो बारीक पॉलिप्रॉपिलीन तंतू. ते १६० ते १७० अंशांना वितळतात आणि वाफेला वाट मिळते. स्लम्प आणखी पडतो, तो ट्रायल मिक्समध्येच सांभाळून घ्या. कव्हर मात्र एक मिलिमीटरही कमी करू नका. दोन तासांच्या अग्निरोधासाठी आयएस ४५६ साध्या आधाराच्या बीमला ४० मिमी, सलग बीमला ३० आणि कॉलमला ४० सांगतं. किनारी हवेचे ४५ मिमी लागू असतील तर तेच धरा.

खर्चाचं थोडक्यात: घनभागाच्या किलोमागे नॅनो सिलिका मायक्रोसिलिकापेक्षा (तुलनेने जाड कणांच्या सिलिकाच्या भुकटीपेक्षा) कितीतरी महाग पडतं. उच्च ग्रेडच्या कॉलमसाठी आयएस १५३८८ चं मायक्रोसिलिका ५ ते १० टक्के बहुतेक वेळा पुरतं. नॅनो सिलिका रिपेअर मॉर्टर, पातळ प्रीकास्ट आणि साचा लवकर काढायचा असेल अशा कामांसाठी ठेवा.

विक्रेता भट्टीतून काढलेला अखंड क्यूब दाखवेल. तो क्यूब आधी वाळवला होता का आणि भट्टी मिनिटाला किती अंशांनी तापवली, हे विचारा. आयएसओ ८३४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रमाणित आगीत ५ मिनिटांत ५७६ आणि ३० मिनिटांत ८४२ अंश होतात. वाळवून हळूहळू तापवलेला छोटा क्यूब सहसा फुटत नाही. भार दिलेल्या, ओल असलेल्या पूर्ण आकाराच्या कॉलमचा तंतूंसहित चाचणी अहवाल मागा. तो नसेल तर त्या कॅनवरचा अग्निरोधाचा दावा हिशेबात धरू नका.