पेंटियम एमएमएक्सला १२८ एमबी रॅम, आठ महिन्यांचा अनुभव

घरी वडिलांच्या डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं लावायच्या कामाच्या) काळातलं पेंटियम एमएमएक्स २३३ प्रोसेसरचं मशीन आहे, बोर्ड इंटेल ४३० टीएक्स चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिप), त्यावर विंडोज ९८. पेजमेकर (पानं लावायचा प्रोग्राम) आणि श्रीलिपीत (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) केलेल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची पानं सगळं त्याच्यातच आहे आणि नीट उघडतं तेही तिथंच, म्हणून ते चालू ठेवायचंच असं ठरवलंय. गणपतीच्या सुट्टीत रॅम ६४ ची १२८ एमबी केली, आता आठ महिने झाले, सविस्तर लिहितोय कारण रॅमची पट्टी घेण्याआधी मला हे कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

पट्टीचाच घोळ आधी. पहिली १२८ ची आणली ती एकाच बाजूला आठ चिपवाली, बूट करताना स्क्रीनवर रॅम मोजणारा काउंट ६५५३६ केबीवरच, म्हणजे ६४ एमबीवरच थांबला. वाटलं पट्टी खराब निघाली, पण तसं नव्हतं, चिप १२८ मेगाबिटच्या (प्रत्येकी १६ एमबी) होत्या आणि टीएक्सला ६४ मेगाबिटपर्यंतच्याच (८ एमबी) कळतात, म्हणून अर्धी दिसत होती. मग दोन्ही बाजूंना आठ-आठ अशी सोळा चिपवाली शोधली आणि काउंट १३१०७२ पर्यंत, म्हणजे पूर्ण १२८ एमबी गेला, तेव्हा खूप आनंद झाला खरं सांगतो.

आणि मशीन स्लो झालं! पेजमेकरमध्ये पान पलटलं की मजकूर वरून खाली ओळ ओळ उमटताना दिसायला लागला, जे आधी कधीच होत नव्हतं. ड्रायव्हर बघितले, डिफ्रॅग केलं (डिस्कवरच्या विखुरलेल्या फाइल सलग लावल्या), शेवटी विंडोजसुद्धा परत टाकलं, काही फरक नाही.

कारण असं की टीएक्स चिपसेट रॅम २५६ एमबीपर्यंत घेतो, पण बोर्डावरची एल२ कॅश (नेहमी लागणारा डेटा हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी) फक्त पहिल्या ६४ एमबीलाच लागू होते. कुठल्या पत्त्यावरचा डेटा कॅशमध्ये आहे याची नोंद टॅग रॅम ठेवते आणि टीएक्समध्ये ती नोंद ६४ च्या पुढे जातच नाही. त्यावर विंडोज ९८ मेमरी वापरायला घेतं वरच्या टोकाकडून, म्हणजे १२८ असेल तर विंडोज आधी जाऊन बसतं नेमकं कॅश नसलेल्या भागात, प्रोसेसरच्या आतली ३२ केबीची एल१ कॅश तेवढी कामाला येते. डॉसचे प्रोग्राम खालच्या भागात चालतात म्हणून ते पहिल्यासारखेच पळत होते, मला पहिला संशय त्यावरूनच आला.

खात्री करायला पट्टी काढायची गरज नाही. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्याच सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) ॲडव्हान्स्डला मेमरी ६४ एमबीवर मर्यादित करायची सोय आहे, तेवढी टिक करून रीस्टार्ट केलं, तीच फाइल उघडली, पान पटकन आलं. टिक काढली, परत तेच रडगाणं. मी चार वेळा करून बघितलं.

मग १२८ वाया गेली का, तर नाही. मोठे स्कॅन केलेले फोटो उघडले की ६४ संपते आणि हार्डडिस्कवर स्वॅप सुरू होतो (रॅममध्ये न मावणारा डेटा डिस्कवर ठेवणं), डिस्कचा दिवा विझतच नाही, आणि स्वॅपपुढे बिनकॅशची रॅमसुद्धा कितीतरी फास्ट आहे. म्हणून नुसता मजकूर असेल त्या दिवशी टिक लावतो, फोटोचं काम असेल तेव्हा काढतो, रीस्टार्टची दोन मिनिटं जातात पण जाऊ देत.

४३० एचएक्सचा बोर्ड असेल तर जादा टॅग रॅम बसवून ५१२ एमबीपर्यंत कॅश मिळते, पण तो माझ्या पट्टीसारखी एसडीरॅम घेत नाही, त्याआधीची जुन्या प्रकारची ईडीओ रॅम लागते. एएमडीच्या के६-३ प्रोसेसरमध्ये २५६ केबी एल२ प्रोसेसरच्या आतच आहे त्यामुळे ही भानगडच राहत नाही, पण त्याला व्होल्टेज कमी लागतं आणि माझ्या बोर्डाचा जंपर (व्होल्टेज ठरवायची पिन) २.८ व्होल्टच्या खाली जात नाही, म्हणून तो विचार सोडला.

टीएक्सवाल्यांनो, फक्त डीटीपी नाहीतर जुने गेम करायचे असतील तर ६४ वरच थांबा, मनापासून सांगतोय. घ्यायचीच असेल तर सोळा चिपवालीच घ्या, दुकानात पट्टी उलटीपालटी करून मोजून घ्या.