उचलते छत की पक्के छत : पिकअपवर कॅम्पर बांधण्यापूर्वी

पिकअपच्या हौद्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामानाची सोय करून महिना-महिना फिरण्याचा बेत ज्यांनी पक्का केला आहे, त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न छताचा असतो. छत प्रवासात खाली बसणारे आणि मुक्कामी वर उचलले जाणारे, म्हणजे पॉप-अप असावे, की चारही भिंती पूर्ण उंचीच्या घेऊन ते पेटीसारखे पक्के बांधावे? याचे उत्तर सांगाडा उभा राहण्यापूर्वीच ठरवावे लागते, कारण नंतर विचार बदलला तर जवळजवळ सगळेच उकलावे लागते. मी तीन वर्षांपूर्वी हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून उचलत्या छताचा कॅम्पर बांधून घेतला आणि त्याच सुमारास माझ्या एका मित्राने पक्क्या छताचा बांधला. दोन्हींत मी पुरेशा रात्री काढल्या आहेत, आणि नागपुरातून निघणाऱ्या माणसासाठी या प्रश्नाचे उत्तर काय असावे, याबद्दल माझे मत आता ठाम आहे.

नागपूर हे यात महत्त्वाचे आहे. श्रीनगर आणि कन्याकुमारी ही राष्ट्रीय महामार्ग ४४ ची दोन टोके, आणि आपण त्याच रस्त्यावर मधोमध बसलो आहोत. एकाच वर्षात लडाखची थंडी आणि केरळचा दमटपणा दोन्ही वाट्याला येऊ शकतात. परंतु प्रत्येक प्रवास विदर्भाच्या उन्हात सुरू होतो आणि उन्हातच संपतो. अमेरिकेत, जिथे फोर व्हील कॅम्पर्ससारखे कारखाने १९७२ पासून पॉप-अप बनवीत आहेत, तिथली चर्चा मुख्यतः थंडीभोवती फिरते. ती जशीच्या तशी उचलून आपल्याला चालत नाही.

वजनाचा हिशेब

उचलत्या छताखालच्या कापडी भिंतींमुळे पॉप-अप कॅम्पर फारच हलका होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दीड मीटरच्या हौद्यावर, केबिनच्या वर बिछान्याचा भाग पुढे काढलेला कॅम्पर धरला, तर भिंतींचा वरचा सत्तर सेंटिमीटरचा पट्टा सुमारे पाच चौरस मीटर भरतो. तो पट्टा दोन्ही बाजूंनी एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये २५ मिलिमीटर एक्सपीएस फोम (थर्मोकोलसारखा, पण कडक) अशा पॅनलचा केला, तर चौकटीसह चाळीस-पंचेचाळीस किलो होतो. त्याच जागी पीव्हीसी लेपाचे जाड कापड तीन-चार किलोत बसते. पण छत उचलण्याची यंत्रणा, कड्या आणि रबरी बीडिंग मिळून पंधरा किलोंच्या आसपास परत येतात. निव्वळ बचत पंचवीस किलोंच्या आसपास. पाण्याची एक टाकी अर्धी रिकामी ठेवली तरी तेवढी होते.

खरा फरक ते वजन कुठे बसते यात आहे. पक्क्या छताच्या कॅम्परची एकूण उंची पावणेतीन मीटरच्या पुढे जाते, तर मिटलेला पॉप-अप सव्वादोन मीटरच्या आसपास राहतो. छत, सोलर पॅनल आणि वरचे सामान अर्धा मीटर खाली आले की चिखलदऱ्याच्या घाटातल्या वळणांवर गाडी झोलत नाही, आणि हे पहिल्याच वळणाला हातांना कळते. वाऱ्याचेही तसेच आहे. अर्धा मीटर जास्त उंचीमुळे सुमारे ०.९ चौरस मीटरचा सपाट पृष्ठभाग वाऱ्यासमोर उभा राहतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला त्याचा अडथळा ढोबळ मानाने ३०० न्यूटन होतो आणि तो कापायला इंजिनाची आठ-नऊ किलोवॅट शक्ती सतत खर्ची पडते. हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, समृद्धी महामार्गावर पक्क्या पेटीची गाडी चालवणाऱ्याने वेग ऐंशीवर आणला तर डिझेलचा काटा आणि खांदे दोन्ही निवांत होतात. जंगलातल्या रस्त्यांवरच्या खाली आलेल्या फांद्या आणि रेल्वेच्या कमी उंचीच्या भुयारी मार्गांपुढचे लोखंडी आडवे खांब, यांचा विचार मी वेगळा करीत नाही; तिथे बुटकी गाडी जिंकते हे उघड आहे.

ज्यांचे पिकअप खासगी वापराचे, डबल कॅबचे आहे, त्यांनी मात्र आधी आरसी उघडून एकूण भारित वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. उरलेल्या आकड्यात कॅम्पर, पाणी, बॅटरी, सामान आणि प्रवासी, सगळे बसले पाहिजे. बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा यांसारख्या मालवाहू गाड्यांकडे ही मुभा भरपूर असते, त्यामुळे त्यांवर पक्की पेटी सहज पेलते. आरामासाठी बनवलेल्या पिकअपमध्ये हा आकडा पाहून अनेकांचा पक्क्या छताचा बेत तिथेच थांबतो, आणि तो थांबणेच योग्य असते.

ऊन आणि रात्र

मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपाच्या दिवसांत दुपारी छताच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि त्या वेळी दोन्ही प्रकारचे कॅम्पर आत बसण्यासारखे नसतात. फरक पडतो तो रात्री दहानंतर. फोमच्या भिंती उष्णता आत येऊ देण्यास जितका वेळ लावतात, तितकाच ती बाहेर जाऊ देण्यास लावतात. दिवसभर बंद राहिलेली पक्की पेटी मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखी धगधगत राहते. पॉप-अपचे छत उचलून चारही बाजूंच्या जाळ्या उघडल्या, तर पंधरा-वीस मिनिटांत आतली हवा बाहेरच्या हवेशी जुळते.

एअर कंडिशनरने हा प्रश्न सुटेल, असे पक्क्या छताच्या बाजूने सांगितले जाते. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सुमारे १२८० वॉट-तास ऊर्जा मावते. बारा व्होल्टचा छोटा एसी पाचशे वॉट खात असेल तर अडीच तासांत बॅटरी संपते. रात्रभर एसी चालवायचा तर अशा तीन बॅटऱ्या, आणि त्या भरण्याइतके पॅनल छतावर मावत नाहीत. आपल्या कोरड्या उन्हाळ्याचा उपाय आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. वाऱ्याच्या बाजूच्या जाळीवर वाळ्याची ताटी बांधावी, तिच्यावर झारीने पाणी सोडत राहावे आणि समोरच्या जाळीला तीस वॉटचा पंखा बाहेर हवा फेकील असा लावावा. पेंचजवळच्या एका ढाब्याच्या आवारात, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ओल्या वाळ्याच्या वासात आम्ही पांघरूण घेऊन झोपलो होतो. पाणी मात्र रात्रभरात पंधरा-वीस लिटर लागते, आणि ही व्यवस्था पक्क्या पेटीच्या दोन छोट्या खिडक्यांतून तितकीशी साधत नाही.

पावसाळ्यात बाजू पालटते, आणि इथे पक्के छत निर्विवादपणे श्रेष्ठ आहे. जुलैमध्ये चिखलदऱ्याहून परतताना पाऊस थांबायची वाट न पाहता मी ओले कापड तसेच मिटले, आणि नागपुरात कामाच्या गडबडीत चार दिवस छत उघडले नाही. उघडले तेव्हा प्रत्येक घडीच्या रेषेवर काळ्या बुरशीचे ठिपके उमटले होते. ते आजही गेलेले नाहीत. शिवाय जिथे शिलाई तिथे सुईची भोके असतात, म्हणून कापडाचे सांधे शिवण्यापेक्षा गरम हवेने चिकटवून घेणे चांगले, हा धडाही त्याच सहलीने दिला. पक्क्या छताच्या मित्राने त्या पावसात दार लावले आणि चहा ठेवला.

थंडीत, स्पिती किंवा लडाखसारख्या ठिकाणी, कापडावर आतून दव धरते आणि पहाटे ते बिछान्यावर टपकते. आतून रजईसारखे दुसरे अस्तर लावून हे बरेच आवरता येते. परंतु ज्यांचा प्रवास मुख्यतः सप्टेंबरनंतरच्या हिमालयाचा आहे, त्यांनी माझे उन्हाळ्याचे सगळे युक्तिवाद बाजूला ठेवून पक्क्या भिंतीच घ्याव्यात. अमेरिकेतल्या अलास्कन कॅम्परसारखा, कडक भिंतीच एकमेकींत सरकणारा तिसरा प्रकारही आहे. तो जड असतो आणि त्याच्या सरकत्या फटींत वणी-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या रस्त्यांवरची धूळ बसली की सील झिजतात, म्हणून तो मी सुचवीत नाही.

छत उचलणारी यंत्रणा

पॉप-अप निवडल्यास तुमचे सुख या एका भागावर अवलंबून राहील. साठ किलोंचे छत उचलायला सुमारे ५९० न्यूटन बल लागते आणि बहुतेक जण त्यासाठी गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेल्या वायूवर चालणारे दांडे लावतात. आमच्याकडच्या फॅब्रिकेटरने ते डिसेंबरात, सकाळच्या गारव्यात जुळवून दिले. मेमध्ये तेच छत खाली ओढायला दोन माणसे लागू लागली. यात त्याचा हलगर्जीपणा नव्हता. बंद नळीतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो, आणि १० अंशांवरून ४५ अंशांवर जाताना तो बारा टक्क्यांनी वाढतो. म्हणून स्ट्रट थोडे कमी बलाचे घ्यावेत आणि थंडीत हाताने थोडा जोर द्यावा, किंवा विजेवर चालणारे ॲक्च्युएटर बसवून बॅटरी बंद पडल्यास हाताने फिरवायची सोय ठेवावी. सोलर पॅनल नंतर लावायचे असतील तरी त्यांचे बारा-बारा किलो वजन सुरुवातीलाच हिशेबात धरावे.

पक्की पेटी बांधणारे कारागीर वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात सहज सापडतात, कारण कंटेनर बॉडीचे काम त्यांच्या हातात बसलेले आहे. पॉप-अपसाठी कारागिराला रेखाटन आणि पुठ्ठ्याचा नमुना दोन्ही द्यावे लागतात, आणि वेळ दुप्पट लागतो. ॲल्युमिनियमची चौकट ठरली असताना ‘मजबुतीसाठी’ म्हणून लोखंडी नळी वापरली जाणार नाही, यावर रोज जाऊन लक्ष ठेवावे. लोखंड जवळजवळ तिप्पट जड असते. चुलीची जागा दोघांच्या कॅम्परमध्ये वेगळी पडते. कापडाखाली गॅस पेटवू नये. आमची शेगडी मागच्या फळक्यावर, बाहेर उघडते.

दोन्ही प्रकारांना लागू असलेली एक गोष्ट. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. म्हणून हौदा कापून, चॅसीवर कायमची पेटी बसवण्याऐवजी, चार पायांच्या जॅकवर उचलून उतरवता येणारा कॅम्पर मला अधिक योग्य वाटतो. तरीही काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत जाऊन लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. उतरवता येणाऱ्या कॅम्परला पॉप-अपची कमी उंची आणखी एका कारणाने सोयीची पडते: तो घरच्या पोर्चमध्ये मावतो.

केबिनच्या वर पुढे आलेला भाग आणि केबिनचे छत यांत किमान चार इंच अंतर ठेवावे, कारण हौदा आणि केबिन खड्ड्यात वेगवेगळे हलतात. रंग देण्यापूर्वी, टाकी भरून, बॅटरी आणि गाद्या ठेवून, दोघे आत बसून गाडी धरमकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी; दोन्हींतला फरक म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा भार. मागच्या ॲक्सलवर मर्यादेपेक्षा जास्त भार आला तर टाकी आणि बॅटरी केबिनच्या बाजूला सरकवण्याची हीच वेळ असते.