गॅरेजमधली हत्यारं कुठे ठेवायची: कपाट, रॅक की भिंतीवरची फळी?

दसऱ्याच्या आसपास ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "गॅरेज आवरायला काढलंय, रॅक घेऊ की कपाट?" वेळ अगदी योग्य असते. पाऊस ओसरलेला असतो, चार महिन्यांच्या दमट हवेत कशावर गंज चढलाय ते समोर दिसत असतं, आणि खंडेनवमीला हत्यारं बाहेर काढायचीच असतात.

आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे बाबांचा दिवस. भोसरीच्या एमआयडीसीत ते फिटर होते. आदल्या संध्याकाळी कानशी तारेच्या ब्रशने साफ करायच्या, वाईसच्या (काम धरून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या) स्क्रूला ग्रीस, पान्यांना तेलाचा हात. सकाळी पाटावर लाल कापड टाकून सगळं मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. या पाटावर जे मांडावंसं वाटत नाही ते घरात का ठेवायचं, हा प्रश्न मला तिथेच बसून पडला. माझं आवरणं तेव्हापासून त्या पाटापासून सुरू होतं.

विचारणाऱ्याला माझं उत्तर असतं: आधी भिंतीवर फळी, म्हणजे हत्यारं टांगायला भिंतीला सपाट ठोकलेलं प्लाय, मग रॅक, आणि कपाट सगळ्यात शेवटी, तेही लहान. पण हे उत्तर प्रत्येक घराला जसंच्या तसं लागू पडत नाही, म्हणून तिन्हींचं सविस्तर सांगतो.

दुकानात जायच्या आधी टेप घ्या. समजा तुमचं गॅरेज १० फूट रुंद आहे, म्हणजे ३०५ सेंटिमीटर. स्विफ्टसारखी हॅचबॅक आरसे न धरता १७० ते १७५ सेंटिमीटर रुंद असते. चालकाच्या बाजूला दार उघडून माणूस नीट उतरायला ७० सेंटिमीटर तरी हवेत. दुसऱ्या बाजूला उरले ६०, आणि त्यातही गाडीचा आरसा घुसतो. नेहमीचं लोखंडी कपाट ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद आणि १९ इंच खोल. खोलीच ४८ सेंटिमीटर झाली. त्याचा एकेक पल्ला १८ इंचांचा, तो पूर्ण उघडायला समोर आणखी ४५ सेंटिमीटर लागतात. म्हणजे गाडी आत असताना कपाट उघडत नाही. साधा पाना काढायचा तरी आधी गाडी बाहेर. तिथे १५ इंची रॅक ३८ सेंटिमीटर घेतं, १२ इंची ३० घेतं, आणि त्याला पल्लाच नसतो. भिंतीवरची फळी हत्यारांसकट १० ते १२ सेंटिमीटरांत भागते. अरुंद गॅरेजचा निम्मा निर्णय इथेच लागतो.

तरी कपाटाचे गुण नाकारायचे नाहीत. कुलूप लावता येतं, आणि घरात लहान मूल असेल तर ग्राइंडर, ॲसिडची बाटली, उंदरांचं औषध कुलपातच हवं, यात तडजोड नाही. धूळही कमी बसते. पण पल्ला लावला की अडगळ फक्त दिसेनाशी होते. मी स्वतः पहिल्यांदा कपाटच घेतलं होतं. बाबांच्या सगळ्या कानशी एका खणात एकावर एक ठेवल्या, व्हर्नियर कॅलिपर (जाडी बारकाईने मोजायचं साधन) त्याच्या मखमली डबीत घालून वरच्या कप्प्यात. दोन पावसाळ्यांनी १२ इंची बास्टर्ड, म्हणजे भरड दातांची कानस काढली, तर लोखंडावरून ती नुसती घसरत होती. खण उघडताना, लावताना कानशी एकमेकींवर घासल्या जाऊन दातांची धार गेली होती. व्हर्नियर उघडला तर त्याच्या जबड्याजवळ अंगठ्याचा तांबूस ठसा उमटलेला, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. शेवटचा वापरला तेव्हा घामट हाताने धरला होता आणि पुसला नव्हता. बंद कपाटात हवा फिरत नाही, ओल आत गेली की तिथेच राहते. उघड्यावर असता तर तो ठसा आठवड्यात दिसला असता आणि तेलाच्या फडक्याने निघालाही असता.

प्लायवूडचं कपाट सुतार घरी येऊन जागेच्या मापाने करून देतो, हा मोठा फायदा. पण गॅरेजची फरशी धुतली जाते, गाडीच्या चाकांबरोबर पाणी येतं. त्यामुळे आयएस ३०३ या भारतीय मानकाचं एमआर ग्रेड, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं प्लाय तिथे वापरू नका, ते फुगतं. आयएस ७१० चं बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं घ्या, खालून ४ इंच उचला, भिंतीपासून इंचभर सुटं ठेवा. वाळवीचा इतिहास असलेलं घर असेल तर मी प्लायच्या कपाटाचा विचारच करणार नाही.

रॅक घेताना बोलणी गेजवर होतात. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे डोक्यात पक्कं असू द्या. उभे अँगल १४ गेजचे, म्हणजे साधारण २ मिलिमीटरचे असावेत. रॅकच्या फळीचा पत्रा १८ गेजचा सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतो, २२ गेजचा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना रंगाखाली हा फरक कळत नाही. एका दुकानदाराने मला १८ सांगून २२ च्या फळ्या दिल्या. रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्या ठेवल्या आणि महिन्याभरात फळीला मधोमध पोट आलं. असली एक भरलेली बादली २५ ते ३० किलोची असते, सिमेंटची गोणी ५० किलोची. तेव्हा खिशात कॅलिपर घेऊन जा आणि फळीची कड मोजून घ्या, दुकानदाराला काय वाटेल याचा संकोच करू नका. कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या आहेत का बघा, नाहीतर रॅक झुलतं. पायांना प्लॅस्टिकचे बूट हवेत, आणि वरचा अँगल दोन ठिकाणी भिंतीला बोल्टने बांधलाच पाहिजे. जड सामान खाली, हलकं वर. पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट परिसरात फिरलात तर हे सगळं हाताळून घेता येतं. जुनं चालणार असेल तर पुण्याच्या जुन्या बाजाराची चक्कर वाया जात नाही. जुन्या रॅकचा पत्रा कित्येकदा आजच्यापेक्षा जाड निघतो.

मात्र रॅक हत्यारांसाठी नाही, हे मला ठासून सांगायचंय. रॅक डब्यांसाठी, बादल्यांसाठी, ड्रिलच्या पेटीसाठी, पाइपांच्या तुकड्यांसाठी. पक्कड, डिसमिस, पटाशी रॅकवर ठेवलीत की दोन महिन्यांत त्यांचा ढीग होतो आणि हवी ती वस्तू नेहमी ढिगाच्या तळाशी असते. हत्यारांची जागा भिंतीवर.

मी १२ मिलिमीटरचं ८ बाय ४ चं प्लाय घेतलं, तेही ७१० चं. भिंतीवर आधी इंचभर जाडीच्या लाकडी रिपा ठोकल्या आणि त्यावर प्लाय बसवलं, म्हणजे मागून हवा खेळते. छिद्रं पाडलेले तयार बोर्डही मिळतात. त्यातला हार्डबोर्डचा प्रकार आपल्या पावसाळ्यात फुगतो, छिद्रं ढिली होतात. लोखंडी पत्र्याचा टिकतो, पण हत्यार उचलताना हूकही हातात येतो, आणि कामाच्या घाईत ते फार त्रासाचं होतं. साध्या प्लायवर स्क्रूने बसवलेला हूक जागचा हलत नाही. जागा बदलायची असेल तर स्क्रू काढून दुसरीकडे लावा. प्लायला चार भोकं पडली म्हणून काही बिघडत नाही.

सुताराकडे टेबल सॉ असेल तर आणखी चांगली युक्ती आहे. लाकडी पट्टी लांबीतून ४५ अंशांत चिरायची. एक अर्धा भाग धार वर आणि भिंतीपासून दूर राहील असा भिंतीवर, दुसरा उलटा करून हत्यारांच्या खोक्याच्या पाठीला. खोकं वरून टेकवलं की आपल्याच वजनाने भिंतीशी घट्ट बसतं, आणि उचलून दुसऱ्या पट्टीवर नेता येतं. वर्षभरात कामाची पद्धत बदलते तशी भिंतही बदलता येते.

फळीवरची मांडणी वाईसपासून सुरू करावी. उजव्या हाताला हातोडी, कानशी, छिन्नी. कानशींसाठी खाचा पाडलेली पट्टी, प्रत्येकीला स्वतंत्र खाच, एकीचा दुसरीला स्पर्श नाही. गुण्या आणि ओळंबा डाव्या बाजूला वर, कारण त्यांना धक्का लागून चालत नाही. करवतीच्या दातांवर बागेच्या पाइपचा चिरलेला तुकडा. मग प्रत्येक हत्यार जागेवर धरून मार्करने त्याची आकृती काढायची. माझ्या भिंतीवर १० नंबरच्या पान्याची आकृती तीन आठवडे रिकामी होती. रोज ती दिसत राहिली म्हणून शोधत राहिलो, आणि पाना मुलाच्या सायकलच्या कॅरिअरखाली सापडला. कपाटात असता तर तो हरवल्याचंही मला कळलं नसतं.

कोणती भिंत निवडायची हे तितकंच महत्त्वाचं. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत बाहेरून पावसाचा मारा खाते. तिच्यावर पोपडे धरले असतील तर फळी दुसऱ्या भिंतीवर घ्या. विटांच्या भिंतीत ८ मिलिमीटरचा नेहमीचा प्लग पुरतो. नव्या इमारतींमधल्या हलक्या करड्या ब्लॉकच्या भिंतीत तो नुसता फिरत राहतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचे लांब प्लग मागून घ्या, आणि जड वाईस तर भिंतीवर नकोच, टेबलावर हवा.

कोकणात आणि गोव्यात हिशेब थोडा बदलतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंड वेगाने गंजू लागतं, आणि तिकडे पावसाळाभर ती ८० च्या वर असते. तिथेही हातोडी-पक्कड भिंतीवर चालतात, दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं फिरवलं की झालं. पण मोजमापाची हत्यारं, ड्रिलचे बिट, रंध्याची पाती रबरी कड असलेल्या घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. निळं जेल गुलाबी झालं की ओल पिऊन भरलं असं समजायचं, पुन्हा तापवून वाळवता येतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात मेहुण्यांच्या घराच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. प्लायचं कपाट फुगून पल्ले निघेनात, ते तोडून टाकावं लागलं. लोखंडी रॅक धुतलं, घासलं, रंगवलं, आजही उभं आहे. घट्ट झाकणाचे दोन डबे तरंगून कोपऱ्यात अडकले होते, आतले बिट कोरडे. नदीकाठच्या कुणी मला विचारलं तर मी रॅक आणि डबे हेच सांगतो, आणि फळी शक्य तितकी वर.

आता काय टाकायचं ते. यावर फार घोळत बसू नये. काही वस्तूंची मुदत त्यांच्यावरच छापलेली असते. ग्राइंडरच्या कटिंग डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष बघा. ती तारीख उलटलेली डिस्क नवी कोरी दिसली तरी मोडून टाका. तिला धरून ठेवणारं रेझिन कमजोर होतं आणि हजारो फेऱ्यांच्या वेगात ती फुटते. बंद गोणीतल्या सिमेंटची ताकदही तीन महिन्यांत उतरू लागते, गुठळ्या झाल्या असतील तर अंगणातल्या खड्ड्यातही त्याचा भरवसा धरू नका. जुनी लेड ॲसिड बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी. बंद पडलेलं ड्रिल, चार्जर, वायरी भंगारात न घालता ई-कचरा संकलनात द्या. आणि दोन सारखे पाने असतील तर एक शेजारच्या होतकरू मुलाला द्यावा. बाबांच्या हत्यारांपैकी माझ्या हाताला न येणारी अशीच दोन ठिकाणी गेली आहेत, तिथे ती रोज वापरात आहेत, याचं मला मनापासून समाधान आहे.

काय कुठे ठेवू नये, तेही ठरवताना धरा. इन्व्हर्टरची लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती कपाटात कोंडू नका, आणि तिच्याजवळ थिनर, टर्पेंटाइन, पेट्रोलचा कॅन नको. ग्राइंडरच्या ठिणग्या जातात त्या दिशेलाही नको. जवसाच्या तेलाने पॉलिश करताना वापरलेली फडकी चुरगळून खोक्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत दोरीवर एकेक पसरून वाळवावीत.

म्हणून गाडी रोज आत येत असेल आणि गॅरेज १० फुटी असेल तर फळी आणि १२ इंची रॅक, एवढंच. गाडी बाहेर राहत असेल, खोली फक्त कामाची असेल, तर १८ इंची रॅकही चालेल. लहान मुलं असतील तर यांच्या जोडीला कुलपाचं एक छोटं कपाट, ३ फूट उंच, जमिनीपासून वर बसवलेलं. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर रॅकच्या बाजूच्या दोन अँगलना प्लायचा उभा तुकडा बोल्टने बसवा. अँगलना भोकं असतातच. फक्त वर भिंतीला बांधता येणार नाही, म्हणून रॅक ५ फुटांपेक्षा उंच घेऊ नका आणि सगळ्यात खालच्या फळीवर जड सामान भरूनच हत्यारं लावायला घ्या.